पाठ दाराकडे

कंपनीने मोबाइलवर ‘ज्ञानमंच’ काढला आणि फर्मान सुटलं, प्रत्येक मेकॅनिकने महिन्याला एक पोस्ट लिहायचीच. मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिहिणं माझं काम नव्हे. मंचावर तर नुसता सुविचारांचा सुकाळ. त्या रागातच मी एकदा लिहून टाकलं:

“चपला काढा. चालत्या लिफ्टमध्ये अनवाणी उभे राहा. डोळे मिटा. डाव्या टाचेला बारीक झिणझिण्या आल्या, तर लिफ्टला डाव्या रुळाशी धरून ठेवणारा शू, म्हणजे रुळावर सरकणारा खाचेचा तुकडा, झिजलाय. उजव्या टाचेला आल्या, तर उजवा. टाच खोटं बोलत नाही.”

हे ज्ञान माझं नव्हे, सासऱ्यांचं. त्यांनी आधी माझ्या हातात पाना दिला, सहा वर्षांनी मुलीचा हात. पाना देताना जास्त विचार केला होता, असं बायको म्हणते. चाळीस वर्षं ते लिफ्ट टाचेने तपासत आले. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली, वाचा गेली. तेव्हापासून खिडकीपाशी खुर्चीत बसून असत. हल्ली तर दोन घासांवर ताट सरकवायचे. “बाबांना वाटतं, आपलं सगळं संपलं,” बायको म्हणाली.

आठवड्याने पाहिलं, तर ती पोस्ट दोनशे चौदा जणांनी जपून ठेवली होती. मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली. मग खाली दूरच्या शाखेतल्या एका मेकॅनिक मुलीने लिहिलेलं वाचलं.

“दादा, माझ्या डाव्या टाचेला झिणझिण्या आल्या. डावा रूळ तपासला, सगळं ठीक. निघणारच होते. पण टाच खोटं बोलत नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून उजवाही पाहिला. शू पार झिजलेला, दोन बोल्ट हाताने फिरत होते. तुम्ही उभे कसे राहता? तोंड दाराकडे की पाठ?”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. रुळांचं डावं-उजवं ठरतं बाहेरून आत बघताना. आणि आम्ही उभे राहतो पाठ दाराकडे करून, म्हणजे चढणाऱ्या-उतरणाऱ्यांकडे लक्ष जात नाही. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. इतकं अंगवळणी पडलेलं, की लिहायचं सुचलंच नाही. दोनशे चौदा जण भलताच रूळ तपासून ‘सगळं ठीक’ म्हणत घरी गेले असते. मी उभ्या उभ्या पोस्ट दुरुस्त केली आणि वर लाल अक्षरांत चूक कबूल केली.

संध्याकाळी सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी खुणेने दोनदा वाचायला लावलं. मग उजव्या हाताने माझ्या चपलांकडे आणि बाहेरच्या लिफ्टकडे बोट केलं.

त्यांना धरून लिफ्टमध्ये अनवाणी उभं केलं, पाठ दाराकडे. पाचव्या मजल्यावरून खाली आलो. चेहऱ्यावर काही हललं नाही. डाव्या टाचेला काही कळतच नव्हतं. उगीच आणलं यांना, असं मला झालं. इतक्यात त्यांनी हवेत बोट गोल फिरवलं. मला फिरव.

आता तोंड दाराकडे, आणि लिफ्ट पुन्हा वर. तीच उजवी टाच आता दुसऱ्या रुळाच्या बाजूला. दुसऱ्या मजल्याशी त्यांच्या भुवया आक्रसल्या आणि बोट त्या भिंतीकडे वळलं.

अकरा वर्षं मी रोज त्या लिफ्टने ये-जा करतोय, मला कधी काही जाणवलं नव्हतं. सकाळी उघडून पाहिलं, तर तिथला शू कागदासारखा पातळ झालेला. अर्धं अंग गेलेल्या माणसाने उरलेल्या एका टाचेने दोन्ही रूळ तपासले होते. मला दोन धडधाकट टाचा आहेत, आणि हे मला जन्मात सुचलं नसतं.

त्याच सकाळी दुसरी पोस्ट लिहिली. “एक टाच पुरते. एकदा पाठ दाराकडे, एकदा तोंड.” वर नाव सासऱ्यांचं, खाली एका ओळीत ते माझे कोण ते. पाठवायचं बटण त्यांनीच अंगठ्याने दाबलं.

रात्रीच्या जेवणाला बसलो, तोवर त्या मुलीचं उत्तर आलं. “बाबांना सांगा, आज आमच्या शाखेत अकरा जण एका पायावर उभे होते.”

सासऱ्यांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. तोवर ताटातलं गार झालं होतं. बायको गरम करायला उठली, तर त्यांनी तिला हाताने थांबवलं आणि तसंच, गारच, सगळं संपवलं.