यंत्र घरी होते

"जरा सावकाश बोला," न्यायाधीश साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या बाईला म्हणाले, "टाइप व्हायचंय."

हे वाक्य ऐकून तिला कसंसंच झालं. सत्तावीस वर्षं ती शेजारच्याच कोर्टात टंकलेखिका होती. या वाक्याने साक्षीदार कसे गांगरतात, हे ती रोज बघायची. माणसं पाल्हाळ लावत, मध्येच रडत, सासूच्या दुखण्यापासून सुरुवात करत. न्यायाधीश त्यातून कामाच्या दोन ओळी काढून सांगत आणि ती तेवढ्याच टाइप करी.

आज तिची स्वतःची पाळी होती. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा गोदामाच्या आवारात मागे येणाऱ्या ट्रकखाली सापडून गेला होता. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. त्या वेळीही मोठ्या काट्यापाशी वाकलेला होता, पाठ ट्रककडे. त्या ट्रकचा ड्रायव्हर आता आरोपीच्या जागी उभा होता. पन्नाशीचा माणूस, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला.

त्याचा वकील उठला. "तुमच्या पतींना कमी ऐकू यायचं?"

"हो."

"कानाला यंत्र लावायचे?"

"हो."

"त्या दिवशी ते त्यांच्या कानाला नव्हतं. बरोबर?"

'आठवत नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते दोन शब्द तिने आजवर हजारदा टाइप केले होते.

"यंत्र घरी होतं," ती म्हणाली.

"हे खरे आहे की, त्या दिवशी यंत्र घरी होते," न्यायाधीशांनी सांगितलं. की-बोर्ड खडखडला. वकील खूश होऊन खाली बसला. यंत्र घरी का राहिलं, हे त्याने विचारलं नाही. त्याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

साक्ष संपल्यावर ती व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली. लगेच कामावर जावंसं वाटेना. थोड्या वेळाने ड्रायव्हर बाहेर आला आणि समोर घुटमळत राहिला.

"बाई, बसू का?"

"बाक सरकारी आहे."

तो अगदी कडेला टेकला. "वकीलसाहेब म्हणतात, सुटलास. मी हॉर्न दिला, तुमच्या मालकांना ऐकू आला नाही, विषय संपला." तो हाताची बोटं मोडत राहिला. "खरं सांगू? हॉर्न दिला की नाही, मला आठवतच नाही. रोज दहा वेळा गाडी मागे घ्यायचो. हात आपोआप जायचा. त्या दिवशी गेला का? तीन वर्षं झाली, आठवतोय. बायकोलासुद्धा बोललो नाही. गाडी सोडली, आता गॅरेजात पंक्चर काढतो."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. उलट छातीवरचा दगड कुणीतरी जरासा सरकवल्यासारखं झालं आणि ती कुणालाच न सांगितलेलं बोलू लागली.

"त्या सकाळी मी त्यांच्यावर ओरडत होते. स्वयंपाकघरातला नळ आठवडाभर गळत होता. म्हटलं, गावाचे काटे नीट करता, घरचा नळ दिसत नाही? ते हसले. यंत्र कानातून काढलं, टेबलावर ठेवलं आणि आरामात चहा प्यायले. भांडण मिटवायची त्यांची पद्धतच होती ती. मग दारात बसून बूट घालायला लागले. यंत्र टेबलावरच होतं. मला दिसत होतं." ती थांबली. "नुसतं हातात नेऊन द्यायचं होतं. मी म्हटलं, राहू दे. बसतील दिवसभर खुणा करत, मग कळेल."

ड्रायव्हर बोटं मोडायचा थांबला. मग म्हणाला, "आणि नळ?"

"दुसऱ्याच दिवशी दिराने बसवला. पाच मिनिटांचं काम."

तुमची काय चूक, असं तो म्हणाला नाही. तीही त्याला तसं म्हणाली नाही. शिपाई पुकारा करत होता, माणसं आत-बाहेर करत होती, आणि ती दोघं आपापल्या पायांकडे बघत बसून होती.

संध्याकाळी तिने मुलीला सगळं सांगितलं, यंत्र दिसत असूनही दिलं नाही इथपर्यंत. मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल तसाच राहिला.

"आई, बाबांना काय माहीत नव्हतं यंत्र कुठं आहे ते? तुझ्यावरच रुसून गेले असतील विसरल्याचं सोंग करून. माझं गाणं सुरू झालं, की पहिलं यंत्र काढायचे ते. गाण्याच्या बाईंनी एवढं कौतुक केलं होतं माझं, आणि बाप खुशाल डोळे मिटून बसलेला!"

"मला म्हणायचे, पोरगी मन लावून गाते, म्हणून मीही मन लावून ऐकत नाही."

दोघी हसल्या. हसता हसता मुलगीच आधी रडायला लागली. मग बराच वेळ दोघी त्याच्याबद्दल बोलत राहिल्या. तीन वर्षांत त्या घरात त्याचं नाव फक्त कागदपत्रांसाठी निघालं होतं.

दोन महिन्यांनी ड्रायव्हरच्या जबाबाची तारीख लागली. तिला तिथे काही काम नव्हतं. तरी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती व्हरांड्यात गेली. तो बाकावर होता, मांडीवर कापडी पिशवी, त्यात बायकोने दिलेला डबा.

"वकिलांना सांगितलंत?" तिने विचारलं.

"हो. ते म्हणाले, डोकं फिरलंय तुझं. आठवत नाही म्हणालास तर आत जाशील."

"मग?"

"बायकोला सांगितलं परवा. ती म्हणाली, जे आहे ते सांगा आणि रात्री नीट झोपा."

आतून पुकारा झाला. तो उठला, पिशवी घेऊन दोन पावलं गेला, परत फिरला. पिशवी कुठे ठेवावी, त्याला सुचेना. तिने हात पुढे केला.

दार लोटलं गेलं. आतलं बोलणं बाहेर ऐकू येत नव्हतं, फक्त की-बोर्डचा आवाज येत होता. नावगाव, वय, धंदा, हे सगळं तिला आवाजावरूनच कळलं. मग बराच वेळ काहीच टाइप झालं नाही. मग एक ओळ झाली. छोटीशी.

डबा अजून गरम होता. पिशवी मांडीवर नीट धरून ती तो बाहेर येण्याची वाट बघत बसली.