बासष्ट तुकडे

मोहिनीने संगणक इंटरनेटला जोडला की घरातला फोन अडकायचा. बाहेरून कुणी लावला तर नुसता एंगेज. एरवी त्याचं काही वाटलं नसतं. पण ते नव्याण्णव सालच्या जूनचे दिवस होते आणि तिचा नवरा गोरक्ष, तोफखान्यातला हवालदार, कारगिलच्या बाजूला कुठेतरी होता. आठवड्यातून एकदा रांगेत उभं राहून त्याला फोनची तीन मिनिटं मिळत. कुठल्या दिवशी, किती वाजता, याचा नेम नव्हता.

देवळाली कॅम्पातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत मोहिनी आणि सासू सावित्रीबाई, दोघीच राहत. नाशिक रोडच्या एका छोट्या कंपनीचं प्रोग्रामिंगचं काम मोहिनी घरून करायची. फोनची लाइनही कंपनीनेच घेऊन दिलेली. त्या महिन्यात साहेबांना परदेशातल्या एका मोठ्या प्रोग्रामचा सगळा सोर्स कोड, म्हणजे त्याचं मूळ लिखाण, हवं होतं, पहिल्या दिवसापासूनच्या प्रत्येक बदलासकट. एकच फाइल, बासष्ट एमबीची. लाइन टिकली तर सहा तासांचं काम. पण लाइन टिकायची नाही, आणि तुटली की ती फाइल ठेवलेला तिकडचा संगणक, सर्व्हर, ती पुन्हा पहिल्यापासून पाठवायला लागायचा. आधी आलेलं सगळं पाण्यात.

मंगळवारी तिने सकाळी नऊलाच बैठक मारली. लाइन तीनदा तुटली, तीनदा तिने चिडून पुन्हा जोडली. दुपारी शेजारच्या चिमणाबाई दारात आल्या. त्यांचे यजमान गोरक्षच्याच युनिटमध्ये होते.

"मोहिनी, तुझा फोन बिघडलाय का गं? आमच्या यांचा आला होता. गोरक्षभाऊ सकाळपासून लावतायत म्हणे, लागतच नाही. आता सगळे पुढे निघाले."

"पुढे म्हणजे कुठे?"

"तेवढंच बोलले."

मोहिनीने आत जाऊन संगणक फोनला जोडणाऱ्या मोडेमच्या डब्याची वायर उपटली आणि फोनसमोर बसली. रात्रीपर्यंत तो वाजला नाही.

"त्या डब्यामुळं नाय लागला का गं?" सावित्रीबाईंनी जेवताना विचारलं.

"नाही आई, लाइनच खराब होती," मोहिनी म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

बुधवार गेला, गुरुवार गेला. आठवडा उलटला. रस्त्यावर मिलिटरीची जीप हळू झाली की आता कुणी बातमी घेऊन उतरेल असं वाटून ती खिडकीशी जायची. जीप पुढे निघून जाईपर्यंत सळई धरून उभी राहायची. आपण अडवलेला फोनच शेवटचा असेल तर? हा विचार एकदा आला तो हटेचना. त्यात साहेबांचा फोन आला, "महिनाअखेर आलीय. जमत नसेल तर दुसऱ्याला देतो." ते बोलत असतानाही लाइन अडकलेलीच होती. "बरं बरं" म्हणत तिने घाईघाईने रिसीव्हर ठेवला.

दहाव्या दिवशी तिने जीव मुठीत धरून दोन मिनिटांसाठी संगणक जोडला आणि तो सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला ईमेलने पत्र पाठवलं. माझा नवरा आघाडीवर आहे, घरात एकच फोन आहे, ही फाइल तुम्ही कापून ठेवू शकाल का? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्याने एकेक एमबीचे बासष्ट तुकडे करून ठेवले होते. प्रत्येकासोबत पडताळणीचा आकडा. आकडा जुळला तर तुकडा शाबूत.

मोहिनीने छोटासा प्रोग्राम लिहिला. एक तुकडा आणायचा, आकडा जुळवायचा, नोंद करायची, फोन सोडायचा. दहा मिनिटं थांबायचं, मग पुढचा. मधेच तुटलं तर तेवढाच तुकडा पुन्हा.

एका तुकड्याला सहा मिनिटं लागत. सावित्रीबाई फोनजवळ पाट घेऊन बसायच्या. "सुटला का?" त्या विचारायच्या. "सुटला," ती म्हणायची, आणि दोघी फोनकडे बघत राहायच्या.

सदतिसावा तुकडा आला, लाइन सुटली आणि फोन वाजला.

"हवालदार गोरक्ष बोडके के घर से?" अनोळखी आवाज. "मिलिटरी अस्पताल से बोल रहा हूँ."

मोहिनीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"पैर में छर्रा लगा है. लीजिए, बात कीजिए."

"अगं, पाय हाय जागेवर," गोरक्षचा आवाज खोल गेलेला. "दोनदा लावला, एंगेज. म्हटलं तिसऱ्यांदा नाय लागला तर रांगेतला नंबर जाणार. आईला दे."

सावित्रीबाईंचं बोलणं होईतो तीन मिनिटं संपली. मोहिनीला राहवेना.

"आई, त्या मंगळवारी लाइन खराब नव्हती. मीच..."

"ठाऊक हाय. त्या डब्याचा लाल दिवा लागला की फोन लागत नाय, एवढं कळत नाय व्हय मला?" सावित्रीबाईंनी डोळे पुसले. "तू आधीच अर्धी झाली होतीस. अजून काय बोलू?"

त्या दिवशी तिने पुढचा तुकडा आणला नाही. उरलेले पंचवीस सोमवारपर्यंत आले. एकावन्नाव्याचा आकडा जुळेना, तेवढा पुन्हा आणावा लागला. तीस तारखेला साहेबांकडे सगळं पोचलं.

सप्टेंबरात पाय बरा झाला आणि गोरक्ष पुन्हा वर सीमेवर गेला. मोहिनीने साहेबांकडे फोनची दुसरी लाइन मागितली. ते "बघू" म्हणाले.