मोठ्या मापांचं पान

आमची कंपनी बायकांचे कपडे विकते, पण फक्त वेबसाइटवर. दुकान नाही, आरसा नाही, कापड हाताला लागत नाही. गिऱ्हाइकाला जे काय दिसतं ते मी बनवलेल्या पानावर. म्हणून मोठ्या मापांच्या कोटांचं नवीन पान माझ्याकडे आलं, तेव्हा मी हौसेने कामाला लागले.

साहेबांनी पाठवलेले फोटो उघडले आणि डोकंच फिरलं. मॉडेल नेहमीचीच, काडीसारखी. तो भलामोठा कोट तिच्या पाठीमागे चिमटे लावून आवळला होता.

"साहेब, हा कोट जिला घ्यायचाय तिला तो अंगावर कसा बसेल, हे यातून कसं कळणार?" मी म्हणाले. "मग परत आलेल्या कपड्यांचा ढीग बघून आपणच कपाळाला हात लावतो."

"मग तुम्हीच आणा कुणाला तरी," साहेब म्हणाले.

मी वहिनीला गाठलं. माझी वहिनी शहरात बस चालवते. चांगली भरभक्कम बाई. तिने आवाज दिला की मागच्या सीटवर डुलक्या घेणाराही दचकून खिडकीबाहेर बघतो. ती आधी हसतच सुटली.

"मी? फोटोत? अगं, लग्नाच्या फोटोतही मला कडेला ढकललं होतं, बाकीचे मावावेत म्हणून!"

शेवटी दादाच म्हणाला, "जा की. घरात आमच्यावर ओरडतेस, तिथे फोटोग्राफरवर ओरड."

फोटोग्राफरने तिला पोट आत घ्यायला सांगितलं. "घेतलं तर श्वास कुठून घेऊ, तुमच्या नाकाने?" वहिनी म्हणाली, आणि स्वतःच खळखळून हसली. त्याने नेमकं तेव्हाच बटण दाबलं. कोटाच्या खिशात हात, मान जराशी तिरकी. असा फोटो मी आमच्या साइटवर कधी पाहिला नव्हता. त्याच्याभोवती मी पान जीव ओतून बांधलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचले तर पान साइटवर चढलेलं. कोट तोच, हसूही वहिनीचंच. पण कंबर, दंड, हनुवटी भलत्याच कुणाची. साहेबांनी कुणाकडून तरी फोटो तासून घेतला होता.

"जरा नीटनेटकं केलं, एवढंच," साहेब म्हणाले.

"पण ती अशी नाहीये!"

"गिऱ्हाइकालाही आहे तसं दिसायचं नसतं, मॅडम."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जागेवर आले आणि मूळ फोटो परत लावला. जेवून येईपर्यंत तो गेलेला. पुन्हा लावला. मग पानावरचे फोटो बदलायची माझी परवानगीच काढून घेतली.

घरी आले तर वहिनी फोन हातात घेऊन बसलेली.

"डेपोत सगळे विचारत होते, ही तुझी धाकटी बहीण का?" या वेळी ती हसत नव्हती. "तू मला बोलावलंस ते मी जाडी आहे म्हणूनच ना? मग तुमच्या जाड्या बायकांतही मी बसत नाही?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झाला प्रकार सांगितला. तिने ऑफिसचा नंबर मागितला.

सकाळी साहेबांचा फोन वाजला. वहिनीचा आवाज मला माझ्या जागेवर ऐकू येत होता.

"मी हो म्हटलं होतं ते माझ्या फोटोला. ही बया कोण, मी ओळखत नाही. काढा तिला."

"ताई, ऐका तर..."

"काढा."

तासाभरात फोटो उतरला. त्याच्या जागी राखाडी चौकोन आला: ‘फोटो लवकरच’. मी वहिनीला विचारलं, तुझा खरा फोटो लावायला सांगू का?

"तू नको विचारूस," ती म्हणाली. "विचारायचं तर साहेबांनी मला विचारावं."

साहेबांनी काही विचारलं नाही. पान आजही तसंच आहे. परवा मीटिंगमध्ये ते म्हणाले, "बायका या पानावर थांबत का नाहीत?"

"थांबून बघायचं काय, साहेब? तो चौकोन?"

त्यांनी पडद्यावर चौकोनाखाली बोट ठेवलं. म्हणाले, "या ‘विकत घ्या’च्या बटणाचा रंग बदलून बघू या."

मी हिरव्याचा निळा केला.