डाव्या पायाची भाडेकरू

मी घडीची खाट बोलतेय. बसा, पण जरा हळू. माझी डावीकडची बिजागरी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.

अथेन्सच्या एका कारखान्यात सैन्यासाठी माझा जन्म झाला. सैन्याने मला नापास केलं. मोडीत निघाले होते, तेवढ्यात सिफनोस बेटावरच्या सिदेरिस नावाच्या कोळ्याने मला उचललं, बोटीत घातलं आणि घरी आणून बहिणीला भेट दिलं. त्याची बहीण कालिरोई. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "लग्नात काही दिलं नाहीस, ते आता हे देतोस?"

कालिरोईच्या घरावर एक खोली आहे. उन्हाळ्यात ती पाहुण्यांना भाड्याने जाते. तिसरा माणूस आला की मला उघडतात. उन्हाने भाजलेली परदेशी माणसं माझ्यावर पडून रात्रभर कण्हतात. मी कुरकुरले की मात्र सकाळी मालकिणीकडे तक्रार जाते.

त्या वर्षी सप्टेंबरअखेर शेवटचे पाहुणे गेले आणि दारात पोलिक्सेनी उभी राहिली. दूर मुख्य भूमीवरच्या लारिसा शहरातून आलेली हंगामी शिक्षिका. शाळेतली पहिलीची अकरा मुलं तिच्या हवाली होती आणि तिला घर नव्हतं. दोन आठवडे ती शाळेतच नकाशांच्या खोलीत झोपत होती. एकोणीस घरं फिरून झाली होती. परवडेल तिथे खोली नव्हती आणि खोली होती तिथे भाडं पगारापेक्षा जास्त होतं. नेमणूक सोडून गेली असती तर सरकारी शिक्षकांच्या यादीतून नाव उडालं असतं.

"मावशी, जूनपर्यंत खोली हवी."

"ईस्टरपर्यंत देते. ईस्टरला माझे पाहुणे येतात."

"आणि ईस्टरनंतर?"

"ईस्टरनंतर देव आहे."

"देवाकडे खोली आहे का, मावशी?"

कालिरोई हसली. "जीभ बरी चालते गं तुझी!" म्हणाली आणि किल्ली दिली.

खोलीत मोठा पलंग होता. पण त्याची गादी पाहुण्यांची! कालिरोईने ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर दोरी बांधली होती. म्हणून पोलिक्सेनी माझ्यावर झोपू लागली. रिकाम्या पलंगाशेजारी हिवाळाभर आम्ही दोघी कुडकुडलो. माणसं जपून ठेवायच्या वस्तूंवर जेवढी माया करतात, तेवढी झोपायला आलेल्या माणसावर का करत नाहीत, हे मला अजून उमगलेलं नाही. दर रविवारी मात्र कालिरोई मातीच्या भांड्यात शिजलेल्या चण्यांची वाटी वर पाठवायची. बाई मनाने वाईट नव्हती.

वर्ष संपत आलं आणि वाऱ्याने बोटी बंद झाल्या. पोलिक्सेनी घरी जाऊ शकली नाही.

आता आमच्याकडची एक गोष्ट. नव्या वर्षाच्या सकाळी घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं, यावर अख्ख्या वर्षाचं नशीब ठरतं. कालिरोईकडे बारा वर्षं तो मान सिदेरिसचा होता. उजवा पाय आत टाकायचा, उंबऱ्यावर डाळिंब फोडायचं. त्या सकाळीही तो डाळिंब घेऊन अंगणात मिशा विंचरत होता.

नेमकी तेव्हाच माझी बिजागरी तुटली. पोलिक्सेनी धाडकन जमिनीवर आली. कंबर चोळत उठली आणि मला बांधायला लोखंडी तार मागायला मोजे घातलेल्या पायांनीच बाहेरच्या जिन्याने खाली धावली, ती थेट स्वयंपाकघरात.

"थांब! अगं थांब!" कालिरोई किंचाळली. "डावा! डावा पाय टाकलास! मास्तरीणबाई, वर्षाचं वाटोळं केलंस माझ्या!"

"मावशी, मी फक्त तार मागायला आले होते."

मागून सिदेरिस आला. "अक्का, हे डाळिंब आता फोडू की खाऊ?"

तार काही मिळाली नाही, पोलिक्सेनीने मला दोरीनेच कसंबसं बांधलं. तेव्हापासून घरात काहीही बिघडलं की पोलिक्सेनीचा डावा पाय. दूध उतू गेलं, डावा पाय. कोंबडी अंडं देईना, डावा पाय. मार्चमध्ये कालिरोईने सांगून टाकलं, "ईस्टरची वाट बघू नकोस. रविवारी खोली रिकामी कर."

पोलिक्सेनी पुन्हा एकोणीस दारं फिरून आली. शनिवारी तिने बॅग भरली, माझ्यावर बसली आणि मुलांच्या वह्या तपासता तपासता रडली. मला फार लाज वाटली. बिजागरी माझी तुटली होती आणि शिक्षा तिला होत होती.

रविवारी सकाळी खालून आरोळी आली. मेलबर्नहून कालिरोईच्या मुलीचा फोन होता. नऊ वर्षं वाट बघून तिला दिवस गेले होते. कालिरोई हसत होती, रडत होती, देवाचं नाव घेत होती.

सिदेरिस शांतपणे म्हणाला, "अक्का, यंदा पहिलं पाऊल कुणाचं होतं?"

कालिरोईने डोळे पुसले.

"बारा वर्षं माझा उजवा पाय पडतोय तुझ्या घरात. काय मिळालं तुला? संधिवात!"

जिन्यावर पावलं वाजली. कालिरोई दारात उभी राहिली, बॅगेकडे बघत.

"ठेव ती खाली. कुठे निघालीस?"

"तुम्हीच म्हणालात, मावशी."

"मी बोलतेच खूप. खोली ईस्टरला पाहुण्यांची, ते खरं. पण खाली चण्यांच्या भट्टीशेजारची माझी खोली आहे ना! शाळा संपेपर्यंत हा पाय मी बेटावरून हलू देणार नाही."

मग आम्ही दोघी भट्टीच्या खोलीत आलो. शनिवारी रात्रभर चणे शिजायचे आणि भिंत ऊबदार व्हायची. सिदेरिसने माझी बिजागरी तारेने घट्ट बांधून दिली. आयुष्यात इतकी सुखात मी कधीच नव्हते.

जूनमध्ये शाळा संपली. बोटीच्या दिवशी कालिरोईने पोलिक्सेनीला अंगणात उभं केलं. "चल, पुढच्या वर्षाचं पहिलं पाऊल आत्ताच टाकून जा. डावा हं!" डाळिंबाचा मोसम नव्हता, म्हणून उंबऱ्यावर कलिंगड फोडलं. स्वयंपाकघरभर लाल पाणी झालं आणि दोघी त्यात उभ्या राहून एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

मेलबर्नला नात झाली. नाव आमच्या रीतीप्रमाणे आजीचंच, कालिरोई. मी अजून भट्टीच्या खोलीत आहे, तारेने बांधलेली, पण उघडले की उभी राहते. पोलिक्सेनीची नेमणूक यंदा दुसऱ्या बेटावर झाली आहे. आत्ता ती तिथे कुणाच्या तरी दारात बॅग घेऊन उभी असेल. ते दार तुमचं असेल तर तिला आत घ्या, बाबांनो. पाय कुठला पडतोय, ते बघत बसू नका.