सिगारेट महागली, सूप हलकं झालं

मित्रांनो, मी बांबूचं एक जुनं सूप बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, वैतागून बोलतोय. इतकी वर्षं मी गप्प बसलो, कारण सुपाचं ऐकतो कोण? पण माझ्या पोटातून जे चोरीला गेलं आणि त्या चोरीपायी माझ्या मालकिणीला जे ऐकावं लागलं, ते सांगितल्याशिवाय आता मला राहवत नाही.

गोंदियाच्या बाजारात एका बुरडाने मला विणलं. त्याने बांबूच्या पट्ट्या तासल्या, पाण्यात भिजवल्या आणि एकमेकींत इतक्या घट्ट गुंफल्या की मला माझाच अभिमान वाटला. दवनीवाड्याच्या शामकलाबाईने मला उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि ऑटोत बसवून घरी आणलं. फटींतून जर्दा, म्हणजे विडीत भरायची तंबाखू, गळू नये म्हणून तिने मला मेथी आणि भिजवलेल्या कागदाच्या लगद्याने आतून लिंपलं. मग मांडीवर घेतलं. शामकलाबाई विड्या वळते. आमच्या गावात घरोघरी हे काम चालतं.

रात्रभर भिजलेली तेंदूची पानं, कातरी, दोऱ्याचं रीळ आणि जर्द्याचा ढीग, हा माझा संसार. ती पान कापायची, जर्दा भरायची, बोटांत फिरवायची, दोरा बांधायची आणि विडी माझ्या कडेला ठेवायची. बोलता बोलता, रडता रडता, भाजीकडे लक्ष ठेवता ठेवता हात चालूच. विडी केंद्रावर पानं-जर्दा मोजून देणारा आणि वळलेल्या विड्या मोजून घेणारा मुनीम एकदा म्हणाला होता, "शामकलाबाईची विडी कशी साच्यातून काढल्यावानी." त्या दिवशी ती घरी आली आणि तिने मला ओल्या फडक्याने पुसलं. माझ्या आयुष्यातलं कौतुक एवढंच, पण मला ते पुरलं.

आता तिच्या नवऱ्याबद्दल सांगतो. शालीकराम. गोंदिया ते दवनीवाडा ऑटो चालवतो. माणूस मनाचा चांगला, म्हाताऱ्या सवारीचं पोतं स्वतः उचलून देणारा. पण सिगारेटशिवाय त्याचा ऑटो सुरू होत नसे. बायको विड्या वळते आणि हा म्हणायचा, "विडी म्हाताऱ्याईची होय. आपून सिगारेटवाले." असं म्हणून ऐटीत धूर सोडायचा. शामकलाबाई त्या धुराकडे पाहायची नाही. माझ्याकडे पाहायची आणि पुढची विडी वळायची.

दर वर्षी बजेट आलं की शालीकरामचं एक भाषण ठरलेलं असे. "यंदा सिगारेट महाग झाली ना, तर सोडलीच समज." सिगारेट महाग व्हायची. हा पाकिटाऐवजी सुट्या घ्यायचा. आणखी महाग व्हायची. हा स्टेशनवरच्या दुसऱ्या ऑटोवाल्याबरोबर एकीचे दोन वाटे करायचा. पुढच्या बजेटला पुन्हा तेच भाषण. मित्रांनो, मी निर्जीव आहे, तरी मला ते तोंडपाठ झालं होतं!

मग खरंच मोठा कर लागला. सिगारेट एकदम इतकी महागली की पानठेल्यावर लोक पाकीट हातात घेऊन परत ठेवू लागले. त्या संध्याकाळी शालीकराम घरी आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "सोडली वो. आता सरकारनंच सोडवली."

"खरं का जी?" शामकलाबाईचे हात थांबले.

"टीनाची शपथ."

टीना म्हणजे त्यांची मुलगी, सातवीत शिकणारी. ती म्हणाली, "माही शपथ काऊन घेता? तुमची घ्या ना." सगळे हसले. शामकलाबाईने त्या दिवशी शेवयांची खीर केली. मीही मनात म्हटलं, चला, कराने का होईना, माणूस वाचला.

मी मूर्ख होतो.

थोड्याच दिवसांनी, सकाळी शामकलाबाई नळावर गेली असताना माझ्यावरचं फडकं हळूच उचललं गेलं. शालीकरामचा हात आत आला. दोन-चार विड्या खिशात गेल्या. फडकं पुन्हा जसंच्या तसं झाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. कारण सोपं होतं. सिगारेटवरचा कर चढला होता आणि विडीवरचा उतरला होता. ठेल्यावरही विडी स्वस्त, घरी तर फुकटच! काल ज्या विडीला हा म्हाताऱ्यांची म्हणत होता, तीच आज परसात भिंतीआड उभा राहून ओढत होता. धूर तोच, छाती तीच. फक्त वेष्टन बदललं. माणसाने सोडावं म्हणून लावलेला कर, आणि माणूस काय करतो? या डबक्यातून उडी मारून त्या डबक्यात बसतो.

इकडे केंद्रावर विड्यांचे कट्टे, म्हणजे बांधलेल्या जुड्या, कमी भरू लागले. मुनीम सगळ्या बायांसमोर ओरडला, "शामकलाबाई, गिनती येत नाई का तुले? का घरीच विकून राहिली?" ती मला छातीशी धरून परत आली. घरी येऊन तिने डोळे चोळले आणि स्वतःलाच म्हणाली, "मलेच दिसेनासं झालं का काय?" मग उंदराचं बीळ शोधलं. मग टीनाला विचारलं, "बाई, तू तं खेळाले नाई ना घेतल्या?" टीनाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथेच होतो. मला चोर ठाऊक होता. पण कितीही ओरडलो तरी सुपाचं ओरडणं कुणाला ऐकू येणार?

शेवटी ती एका सकाळी नळावर जायचं नाटक करून दाराआड उभी राहिली. हात आत आला आणि तिने मनगट धरलं.

"का जी? हे का करून राहिले?"

शालीकराम आधी हसला, मग चिडला. "घरच्याच तं आहेत. सिगारेट परवडत नाई आता. विडीवरचा टॅक्स सरकारनंच कमी केला, मंग मी का करू?"

"सरकारनं टॅक्स कमी केला म्हनून तुमची छाती लोखंडाची झाली का? माहे कट्टे कमी भरले, मुनीमनं मले चोर म्हटलं. मी लेकीवर संशय घेतला जी, लेकीवर!"

त्याने विड्या माझ्यात परत टाकल्या आणि ऑटो घेऊन निघून गेला. चोरी थांबली, पण विडी थांबली नाही. आता तो विकत घेऊन ओढू लागला. खोकला एवढा वाढला की सवाऱ्या ऑटो सोडून बसने जाऊ लागल्या. गोंदियाच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि सांगितलं, विडी, सिगारेट, खर्रा, सगळं बंद. आज बंद केलं तर पुढे श्वास राहील.

आता तरी सोडेल असं तुम्हाला वाटतं ना? मलाही वाटलं. पण तेवढ्यात नागपूरहून भाचा आला, भुपेंद्र. त्याने खिशातून एक गुलाबी पेनासारखी वस्तू काढली. "मामाजी, टेन्शन काऊन घेता? हे घ्या, ई-सिगारेट. तंबाखू नाई, राख नाई, टॅक्सबी नाई. धूर नाई हा, भाप होय. आंब्याचा फ्लेवर."

शामकलाबाईने मान वर केली. "इतकं चांगलं हाये, तं लपवून काऊन आनलं बापू?"

भुपेंद्र गडबडला. "मामीजी, थोडी बंदी आहे त्याच्यावर."

थोडी बंदी! मी तर कपाळाला हात लावला असता, पण मला ना कपाळ ना हात. जिच्या विक्रीलाच देशात बंदी, तिच्यावर कर नाही हे खरंच आहे. पण त्याचं कौतुक करावं का?

शालीकराम त्या पेनावर खूश झाला. घरात आंब्याचा वास येऊ लागला. ते संपलं की नागपूरहून दुसरं यायचं, आणि येईपर्यंत विडी होतीच. म्हणजे आता दोन्ही चालू.

आणि मग ती दुपार आली. शाळेला सुट्टी होती. शामकलाबाई पानं कापत होती. ओसरीवरून टीनाचा आवाज आला, "आई, पाय ना, माह्या तोंडातून ढग!" बापाच्या शर्टाच्या खिशातलं पेन तिच्या ओठांत होतं. हसत हसत तिने आणखी एकदा खोलवर ओढलं, आणि तिला ठसका लागला. थांबेना. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, मग तिने भडाभडा उलटी केली. "आई, घर फिरून राहिलं," एवढंच म्हणाली आणि आईच्या अंगावर कलंडली. मी मांडीवरून घरंगळलो. सगळा जर्दा जमिनीवर सांडला. तो कुणी उचलला नाही.

गावातल्या दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर म्हणाले, पेनातलं निकोटीन चढलं; संध्याकाळपर्यंत पोर सावरली. शालीकराम आला तेव्हा ती अंगणात गोधडी पांघरून पडली होती. शामकलाबाई ओरडली नाही. तिने मला झटकून स्वच्छ केलं आणि माझ्यात तीन वस्तू ठेवल्या. एक त्याचं जुनं सिगारेटचं पाकीट, एक तिने वळलेली विडी, आणि ते गुलाबी पेन. मग मला नवऱ्यापुढे सरकवलं.

"टीनाचे बाबा, सांगा. यातलं कोनतं देऊ टीनाले? महाग देऊ, सस्तं देऊ, का बिनटॅक्सचं देऊ?"

शालीकराम माझ्याकडे पाहत बसला. एवढं निरखून मला बुरडानेही पाहिलं नसेल. मग त्याने पाकीट उचललं. आत काही नव्हतं. त्या पाकिटावर व्यसन सोडवण्यासाठीचा फोन नंबर छापलेला असतो, मित्रांनो. इतकी वर्षं तो नंबर त्याच्या खिशात फिरत होता. त्याने फोन लावला आणि पलीकडच्या माणसाला म्हणाला, "मले सोडाची आहे जी. माह्यानं होत नाई."

सोडण्याबद्दल तो पहिल्यांदाच खरं बोलला होता.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. त्याला झोप लागायची नाही, सवाऱ्यांशी भांडणं व्हायची. भुपेंद्रला त्याने फोनवर झापलं, आणि रागाच्या भरात ठेल्यावर जाऊन एक विडी ओढूनही आला. आल्यावर स्वतःच सांगितलं. शामकलाबाईने ओव्याची पुडी पुढे केली आणि म्हणाली, "उद्यापासून पुन्हा." तसं हळूहळू जमलं. आज तो ओवा आणि बडीशेप चघळत ऑटो चालवतो. खोकला पुरता गेलेला नाही, पण जवळच्या नागरा गावातल्या देवळाच्या पायऱ्या तो न थांबता चढला, असं टीना सगळ्यांना सांगत फिरते.

परवाची गोष्ट. शामकलाबाई मला मांडीवर घेऊन विड्या वळत होती. टीना जवळ अभ्यास करत होती. वहीतून मान वर करून तिने विचारलं, "आई, बाबानं तं सोडली. मंग या विड्या आता कोन ओढन?"

शामकलाबाईची बोटं अर्ध्या विडीवर थांबली.

"कोनाचातरी बाबाच ओढन," ती म्हणाली. मग दोरा बांधला, कारण सांजेचा तांदूळ त्याच दोऱ्यावर येतो, आणि दुसरं काम अजून कुणी तिच्या मांडीवर आणून ठेवलेलं नाही.

म्हणून मी वैतागलेला आहे, मित्रांनो. कर वाढवा, जरूर वाढवा. पण एक दार बंद करून शेजारचं उघडं ठेवलं तर माणूस त्यातून शिरणारच. शामकलाबाईसारख्यांना विडीवाचून जगता येईल असं काम द्या. आणि तुमच्या घरी कुणी ओढत असेल, तर पुढच्या बजेटची वाट पाहू नका. त्याच्यासमोर बसा, त्याच्या डोळ्यांत पाहा आणि म्हणा, "बाबा, तुमच्या धुरात आमीबी बसून राहिलो."