बिनलसणाचे वार

गाडी समुद्राच्या रस्त्याला लागली तशी तिने खिडकीची काच खाली केली, मग वर केली, मग अर्ध्यावर ठेवली. घरातून निघाल्यापासून हे असंच चाललं होतं. गाडी चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याने ते चालू दिलं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत बसणाऱ्या माणसाकडे धीर चिकार असतो. बायकोच्या वाट्याला त्यातला किती येतो, हा प्रश्न वेगळा. आज मात्र तो जरा जास्तच धीराने वागत होता आणि त्यामुळे तिचा जीव आणखी खालीवर होत होता.

मागच्या सीटवर त्याची धाकटी बहीण बसली होती. शाळेत खेळ शिकवायची, गळ्यात कायम शिट्टी, लग्नकार्यातसुद्धा. त्यामुळे सगळं घर तिला शिट्टीच म्हणायचं. आजचा उपद्व्याप तिचाच. वर्षातून एकदा भरणाऱ्या खाऊ-दौडीत तिने तिघांची नावं घालून टाकली होती, न विचारता. सात किलोमीटर समुद्राच्या कडेने धावायचं, दर किलोमीटरला एक टेबल, टेबलावर असेल ते खाऊन संपवायचं, मग छातीवरच्या नंबरावर शिक्का. पहिला कोण आला हे तिथे कोणी विचारत नाही. शिट्टी विचारते.

"वहिनी, चौथ्या टेबलावर डोळे बांधून पदार्थ ओळखायचाय," शिट्टी पुढे वाकून म्हणाली. "ओळखला तर सहावा किलोमीटर माफ. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमच्या वहिनीपुढे कोणाची डाळ शिजायची नाही."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

"भेटले त्यांना." मग तिने नाक फेंदारलं. "दादा, तू सँडविचमध्ये काय घातलंयस रे? आज तर रविवार..."

"पाण्याची बाटली दे," नवरा म्हणाला आणि हातातलं सँडविच कागदात गुंडाळून त्याने दोन सीटांमधल्या खणात ठेवलं.

तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती उद्याच्या सोमवारात होती.

बिस्किटांच्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं चव बघत आली होती. सकाळी दहाला आणि दुपारी तीनला पांढऱ्या टेबलाशी बसायचं, तुकडा मोडायचा, मनात वीस म्हणेपर्यंत जिभेवर धरायचा, थुंकायचा, कोमट पाण्याने चूळ भरायची आणि सही करायची. त्या सहीशिवाय एक खोका दाराबाहेर पडत नसे. लोणी खवट असलं तर भट्टीवाल्यांच्या आधी तिला जिन्यातच कळायचं. या नाकाचे लाड घराने पुरवले होते. अत्तर नाही, वासाचा साबण नाही, आणि ज्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी कामावर जायचं त्या दिवशी लसूण नाही. म्हणजे रविवार ते गुरुवार हे घरात बिनलसणाचे वार. नवऱ्याला लसूण जीव की प्राण, पण त्याने एकोणीस वर्षं शुक्रवार-शनिवारावर भागवली. लेक शिकायला परगावी गेली तेव्हा तिचा पहिला फोन आला तो हेच सांगायला, की आई, इथे बुधवारीही लसूण खातात.

पाच आठवड्यांपूर्वी तिला सर्दी झाली. सर्दी चार दिवसांत गेली आणि जाताना नाक घेऊन गेली. वास नाही म्हणून चव नाही. गोड, खारट एवढंसुद्धा धड नाही. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, ओळखीचं कोणी भेटणार नाही अशा डॉक्टरकडे जाऊन आली. तो म्हणाला, येईल परत, पण कधी ते सांगता यायचं नाही. तिने कोणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

मग कामावर सह्या कशा होत होत्या? तर त्या नवीच्या चेहऱ्यावर होत होत्या. नवी म्हणजे तिच्या हाताखाली वर्षभरापूर्वी आलेली मुलगी. जीभ चांगली, पण मनातलं सगळं तोंडावर. जास्त भाजलेलं असलं की तिची डावी भुवई उडायची, लोण्यात गडबड असली की ओठ आत जायचे. बाई हल्ली आपल्याला आधी चव घेऊ देतात, किती मोठ्या मनाच्या, असं नवीला वाटायचं, आणि ते तिने बोलूनही दाखवलं होतं. त्या दिवशी हिला जेवण गेलं नाही.

पण उद्यापासून नवी दुसऱ्या विभागात चालली होती. आणि उद्याच नव्या डेअरीचं लोणी पहिल्यांदा भट्टीतून निघणार होतं. व्यवस्थापक म्हणाले होते, "बाई, तुम्ही हो म्हणालात की गाड्या भरायच्या." उद्या दहा वाजता टेबलाशी ती एकटी, पुढे बिस्किट, आणि बघायला कोणाचाही चेहरा नाही.

एका वळणावर नवऱ्याने गाडी थांबवली. खाली समुद्र, लांब दीपगृह, खडकांवर ओली जाळी वाळत घातलेली. शिट्टीने हात पसरले. "वहिनी, घे वास. असा वास बाटलीत भरून विकायला हवा."

तिने श्वास घेतला. छातीत गार हवा गेली, एवढंच. टीव्हीचा आवाज बंद करून बघावा तसा समुद्र दिसत होता. "वा," ती म्हणाली. नवरा तिच्याकडे बघत होता. तिने गाडीकडे पाय वळवले. "चला, उशीर होतोय." उशीर होत नव्हता.

दौडीच्या मैदानावर माणसं भाज्या होऊन आली होती. कोणी वांगं, कोणी मका, एक आख्खं कुटुंब मटारची शेंग. शिट्टीने तिच्या डोक्यावर गाजराची टोपी चढवली, भावाला बटाटा केलं, स्वतः मिरची झाली. पहिल्या टेबलावर सूप होतं, दुसऱ्यावर लोणी लावलेले उकडलेले बटाटे, तिसऱ्यावर कलिंगड. तिने सगळं भराभर संपवलं आणि सगळ्यांच्या पुढे निघाली. बाकीचे हसत, फोटो काढत रमतगमत येत होते; ती मात्र पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी धावत होती. थांबलं की सोमवार गाठायचा.

चौथ्या टेबलावर तिचे डोळे बांधले. तोंडात एक फोड आली. चव शून्य. पण एकोणीस वर्षांत दातांनीही काही शिकलेलं असतं. फोड सफरचंदासारखी कडकन मोडली नाही, तिच्यात बारीक वाळूसारखे कण होते, आणि पाणी भरपूर. "नाशपाती," ती म्हणाली. "थोडी जास्त पिकलेली."

टाळ्या पडल्या. शिट्टीने शिट्टी फुंकली, जमलेल्या लोकांना वहिनीचा कारखाना, वहिनीची एकोणीस वर्षं, सगळं ऐकवलं. तिलाही क्षणभर फुगल्यासारखं झालं. मग लगेच लाज वाटली. नवरा तेवढा टाळ्या न वाजवता बटाट्याची टोपी नीट करत उभा होता.

बातमी त्यांच्या आधी पाचव्या टेबलावर पोचली. तिथे एक बेकरीवाली बाई साईचे पाव मांडून बसली होती, चांगले दोन मोठे ट्रे. उन्हाने तिचा चेहरा लाल झाला होता.

"तुम्हीच ना त्या बिस्किटवाल्या?" तिने विचारलं. "देवासारख्या आलात. बर्फ संपून तास झाला. मला वाटतंय साय चांगली आहे, पण पहाटेपासून साखरेत हात आहेत माझे, आता जिभेला काही कळेना. तुम्ही सांगा. मागून शाळेची पोरं येतायत, चाळीसेक आहेत."

वळणावर खरंच पोरांच्या लाल टोमॅटो टोप्या दिसायला लागल्या होत्या. सगळ्यात पुढची पोरगी "साईचे पाव" असं ओरडत येत होती.

तिने पाव उचलला, घास घेतला. मऊ. कोमट. वीसपर्यंत मोजलं. काही नाही. मग सवयीने तिने शेजारी पाहिलं. नवऱ्यानेही अर्धा पाव तोंडात घातला होता. ती त्याच्या चेहऱ्यावर शोधू लागली, भुवई, ओठ, काहीतरी. चेहरा कोरा होता. दुकानात गिऱ्हाईक पाटीवरची अक्षरं वाचत असताना, चुकून इशारा जाऊ नये म्हणून तो जसा उभा राहतो, तसा तो उभा होता. चावत होता आणि सरळ तिच्याकडे बघत होता.

"वहिनी, लवकर," शिट्टी घड्याळ बघत म्हणाली.

"ठीक आहे" हे दोन शब्द तिच्या ओठांवर आले होते. पाच आठवडे ते तिने सहीने म्हटलेच होते. टोमॅटो टोप्या पंचवीस पावलांवर आल्या. तिने ट्रेवर दोन्ही हात आडवे धरले.

"मला कळत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे, ना धड चांगली ना खराब, असं का?" बेकरीवालीने विचारलं.

"म्हणजे मला वासच येत नाही. पाच आठवडे झाले. चव लागत नाही. मघाची नाशपाती मी दातांनी ओळखली. हे पोरांना देऊ नका."

तोंडातून निघाल्यावर ते किती लहान वाक्य होतं याचंच तिला आश्चर्य वाटलं.

नवरा घाईने समुद्राच्या कठड्याशी गेला, वाकला आणि तोंडातलं सगळं बाहेर टाकलं. परत आला तो मिशा पुसत. "आंबलंय," तो म्हणाला. "चांगलंच आंबलंय." बेकरीवालीने दोन्ही ट्रे कचऱ्याच्या पिंपात उपडे केले आणि पोरांना पावाचे कोरडे तुकडे वाटायला घेतले. शिट्टीने वहिनीच्या डोक्यावरची गाजराची टोपी काढून स्वतःच्या हातात घेतली. "उरलेलं चालतच जाऊ," ती म्हणाली. "सहावा पण चालू. तो माफ नाही आपल्याला."

परतताना शिट्टी मागे झोपून गेली.

"मी ठीक आहे म्हटलं असतं तर?" तिने विचारलं.

"तर हा बटाटा टेबलावर आदळला असता आणि दोन्ही ट्रे सांडले असते. पोरांपर्यंत जाऊ दिलं नसतं."

"तुम्हाला माहीत होतं."

"हं."

"कधीपासून?"

"तीन आठवडे होतील. एका बुधवारी चुकून भाजीत लसूण पडला. तुझी वाट बघत बसलो, आता ओरडशील, मग ओरडशील. तू दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतलीस. मग खात्री करायला सोमवारी घातला, मंगळवारी घातला. आज सँडविचमध्ये पण आहे."

"तीन आठवडे लसूण खाताय तुम्ही?"

"रोज," तो म्हणाला. "आणि एक घास गोड लागला नाही."

तिला हसू यायला लागलं आणि मधेच त्याचं रडू झालं. त्याने गाडी सकाळच्याच वळणावर थांबवली.

"सांगितलं का नाहीत?"

"अगं, माझ्यासमोर रोज कोणी ना कोणी पाठ केलेली अक्षरं वाचतं. मी म्हटलं, तुम्हाला दिसत नाही, तर माणूस दुकान बदलतो. त्याने स्वतः म्हणावं लागतं. मी फक्त पाटी बदलू शकतो."

ती फोन घेऊन कठड्याशी गेली. रविवारी दुपारी व्यवस्थापकांना फोन करायची तिची ही पहिलीच वेळ. बोलणं चार मिनिटं चाललं. परत येऊन ती गाडीत बसली आणि हात मांडीवर ठेवले.

"नवीला राहायला सांगतायत," ती म्हणाली. "उद्यापासून सही तिची. पाच आठवड्यांच्या सगळ्या खोक्यांचे नमुने काढून पुन्हा बघायचे, तेही तीच बघणार. मी शेजारी बसून शिकवायचं. माझं पुढे काय, ते नंतर बघू म्हणाले." एकोणीस वर्षं ती सही म्हणजे तीच होती.

तिने दोन सीटांमधल्या खणातून कागदात गुंडाळलेलं उरलेलं सँडविच काढलं, घास घेतला, डोळे मिटून वीसपर्यंत मोजलं. काही लागलं नाही. तिने तो थुंकला नाही, गिळला.

"उरलेलं पण संपव," तो गाडी सुरू करत म्हणाला. "यापुढे रविवार ते गुरुवार परत बंद."

"आता कशाला? मला काही कळत नाही. खुशाल खा तुम्ही."

"नाही. नाक परत येईल तेव्हा त्याला आपलं घर ओळखू आलं पाहिजे."

तिने खिडकीची काच पूर्ण खाली केली आणि घर येईपर्यंत तशीच राहू दिली.