आत्याचं वळण

खिंडीच्या माथ्यावर रस्ता सुतासारखा सरळ जायला हवा होता. पण तिथल्या एका सपाट, रिकाम्या जागेला तो उगाचच वळसा घालतो. सगळे ड्रायव्हर त्याला ‘आत्याचं वळण’ म्हणतात. ही आत्या कोण, हा किडा नव्यानं बस चालवायला लागलेल्या एका मुलीच्या डोक्यात वळवळू लागला. कुणी म्हणे, ती दरीत पडली. कुणी म्हणे, भूत होऊन बसलीय. शेवटी तिनं घरी आपल्याच आत्याला विचारलं. आत्या तरुणपणी रस्त्याच्या मजुरांचा स्वयंपाक करायची.

“मेली-बिली कुणी नाही,” आत्या फणकारली. “मीच ती! माझी चूल नेमकी रस्त्याच्या आखणीत आली. साहेब म्हणाला, हलव. म्हटलं, डाळ शिजली की हलवते.”

“मग?”

“मग काय! एवढ्या उंचीवर डाळ शिजते होय लवकर? दुसरा दिवस उजाडला, तरी दाणा टणकच. शेवटी साहेबानं कंटाळून रस्ताच वळवला.”

“म्हणजे तुझ्यापुढं साहेबाची डाळ शिजली नाही!” भाची खिदळली. “म्हणून मजुरांनी तुझं नाव दिलं?”

“छे गं,” आत्या पुटपुटली. “ती कच्ची डाळ त्यांनाच खावी लागली. माझ्या नावानं बोटं मोडत, पोट धरून सगळे त्या वळणामागंच पळत होते.”